वाचले असे समजून मंजूर

गाव, ७ जुलै २०२४

संयू,

केरबाच्या टेम्पोतून दुधाच्या किटलीबरोबर हे पत्र पाठवतोय. दचकू नकोस, तब्येत बरी आहे. गळ्याच्या ऑपरेशनची जखम भरली. श्वास गळ्याच्या भोकातून, जेवण तोंडातून आणि आवाज कुठूनच नाही, हे आता अंगवळणी पडलंय. गळ्याला लावून बोलायचं ते यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं, ते एकदा वापरून बघितलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. सूनबाई तोंडाला पदर लावून आत गेली. यंत्र कपाटात ठेवून दिलंय. तीस वर्षं ज्या आवाजाला गाव टरकून होतं, त्याच्या जागी डबा वाजवायची माझी तयारी नाही. मोबाईलवर बोटं चालत नाहीत, म्हणून कागद. तूही कागदावरच लिही.

दिवसभर बसून करायचं काय? माळ्यावरची तुझी कॉलेजची पुस्तकं खाली काढली आणि युरोपचा इतिहास वाचायला घेतला. मी मॅट्रिक, तेही दोनदा बसून, त्यामुळे हळू चाललंय. पण एक केसाळ राजा सापडलाय, चौदावा लुई नावाचा. उंच टाचांचे बूट, अंगावर गालिचा पांघरल्यासारखा झगा, आणि नजर अशी की चित्र काढणारा घाबरतच काढत असणार. त्याच्याखाली तू पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘आबा’. हे काय आहे?

दुसरी बातमी. यंदाच्या वार्षिक सभेत मी दूध संस्थेच्या अध्यक्षपदावरून उतरतोय. मुका अध्यक्ष काय कामाचा? खुर्चीवर पृथ्वीराज बसेल. तुझा भाऊ कामाला वाघ आहे. फक्त ‘नाही’ म्हणणारा माणूस समोर आला की त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडते. ते तो कुणाकडून शिकला, हे विचारू नकोस.

आबा

&nbsp;

राजारामपुरी, कोल्हापूर
११ जुलै २०२४

आबा,

पेन्सिल माझीच. लुईचा धडा शिकताना मला दुसरं कुणी आठवलंच नाही. सकाळी उठल्यावर त्याला सदरा कुणी द्यायचा, यावरून मोठमोठे सरदार आपसांत रुसायचे. आपल्या घराच्या सोप्यात तुमच्या हातात चहाची कपबशी कुणी द्यायची, यावरून संचालकांची जी ओढाताण चालायची, ती मी लहानपणापासून बघितलीय. मी मुलांना अनियंत्रित राजेशाही शिकवते तेव्हा पुस्तक उघडावं लागत नाही.

एक फरक मात्र आहे. इंग्लंडचा पहिला चार्ल्स संसदेवर चिडला आणि त्यानं अकरा वर्षं ती बोलावलीच नाही. तुम्ही असं कधी केलं नाहीत. तुम्ही दर वर्षी सभा बोलावता, नियमानं, नोटीस काढून, जिलेबीच्या जेवणासकट. फक्त सभेत सभा होऊ देत नाही.

मला सगळं आठवतं. सचिव गुंडू उभा राहून म्हणायचा, ‘विषय क्रमांक एक ते अकरा वाचले असे समजून...’ तुम्ही उजवा हात वर करायचा. पुढच्या चार रांगांतली तालमीची पोरं ‘मंजूर, मंजूर’ म्हणून छत डोक्यावर घ्यायची. मागे कृष्णातकाका हातात कागद घेऊन उभे असायचे, त्यांचं तोंड हलताना दिसायचं आणि माईक बंद झालेला असायचा. स्टेजवरचा चहा गार व्हायच्या आत सभा संपायची. याच कृष्णातकाकांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत जायचे. तुम्ही दोघांनी त्याच सायकलला कॅन बांधून गावातलं दूध गोळा केलं आणि संस्था उभी केली. त्यांनी मागितलं काय होतं? विषय वाचून दाखवा आणि हात मोजा, एवढंच.

असो. तुम्ही आजारी माणूस, मी ओरडू नये. औषधं वेळेवर घ्या.

संयू

&nbsp;

गाव, २८ जुलै २०२४

संयू,

ओरड. या घरात मला ओरडणारं दुसरं कोण आहे?

एक नवीन गोष्ट कळली. माणूस मुका झाला की लोक त्याला बहिराही समजतात. मी संस्थेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो आणि लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. परवा सकाळी कृष्णातची बायको झुंबरबाई दूध घालायला आली. मशीनवर फॅट कमी लागली, म्हणजे दरही कमी. ती गेल्यावर तिथला पोरगा पृथ्वीराजला म्हणाला, ‘दादा, किती दिस कमी दावायची? म्हातारी रडत हुती.’ पृथ्वीराज म्हणाला, ‘तिचा दाल्ला सभेत गप बसंपर्यंत. आबा असंच करत आलं न्हाईत काय?’

मी तिथेच बसलो होतो. ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलो. बोलायला गेलो तर गळ्यातून नुसता वारा आला. पृथ्वीराजला वाटलं खोकला आहे, त्यानं पाणी आणून दिलं.

मला दोन गोष्टी सांग. तो लुई मेल्यावर त्याच्या शब्दाचं काय झालं? आणि चार्ल्सचं मुंडकं उडवलं असं पुस्तकात आहे, त्याआधी त्याला काही बोलू दिलं का? पुस्तकात एवढं बारीक नाही.

आबा

&nbsp;

कोल्हापूर, ४ ऑगस्ट २०२४

आबा,

झुंबरकाकूंचं ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही ते मला लिहिलंत, याचं मात्र बरं वाटलं.

लुई बहात्तर वर्षं गादीवर होता. पायाला गँग्रीन होऊन गेला. मागे पाच वर्षांचा पणतू. राज्य कुणी कसं सांभाळायचं याचं मृत्युपत्र त्यानं करून ठेवलं होतं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या न्यायसभेनं ते रद्द केलं. एक दिवस, आबा. जिवंतपणी ज्याच्या भुवईकडे बघून लोक चालायचे, त्याचा शब्द एक दिवस टिकला.

चार्ल्स तोतरा होता. खटला चालला तेव्हा मात्र तो अडखळला नाही म्हणतात. पण शिक्षा सुनावल्यावर त्याला बोलायचं होतं, तेव्हा बोलू दिलं नाही. ज्यानं अकरा वर्षं इतरांचं ऐकलं नाही, त्याचं शेवटी कुणी ऐकलं नाही. वधाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. थंडीनं कापलो तर लोकांना वाटेल घाबरला, म्हणून त्यानं दोन सदरे घातले. मग तो स्वतःच्याच वाड्यासमोरच्या चौथऱ्यावर बोलला, पण भोवती शिपायांच्या इतक्या रांगा होत्या की लोकांपर्यंत काही पोचलं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. त्याच वाड्यात, चाळीस वर्षांनी, विल्यम आणि मेरी या नवरा-बायकोला गादी दिली. त्याआधी त्यांना उभं करून राजानं काय करायचं नाही ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. संसदेला विचारल्याशिवाय कायदा बाजूला ठेवायचा नाही. संसदेत बोलणाऱ्याला बोलल्याबद्दल शिक्षा नाही. आधी वाचन, मग मुकुट. मुलांना मी म्हणते, मर्यादित राजेशाही इथून मुळं धरते. कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि राजानं उभं राहून ऐकलं.

आपल्या कोल्हापुरात राजा म्हटलं की लोकांना माया दाटून येते, कारण आपल्याला चांगला मिळाला. पण चांगला मिळेल याची खात्री कोण देतो?

संयू

&nbsp;

गाव, ९ सप्टेंबर २०२४

संयू,

गणपती बसले. तू आली नाहीस, कॉलेजच्या परीक्षा असतील.

सभा रविवारी २२ तारखेला आहे. पितृपंधरवड्यात सभा नको म्हणून दोघा संचालकांनी तोंड वाकडं केलं, मी माझ्या पाटीवर खडूनं लिहिलं, ठेवा.

त्या दिवशी तू यायचंस. स्टेजवर माझ्याशेजारी बसायचंस. एक काम आहे, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. टेम्पो संस्थेचा आहे आणि केरबाला आता पृथ्वीराजला जाब द्यावा लागतो. आलीस की समोरासमोर पाटीवर लिहून सांगेन. काहीही कर पण ये. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

लुईचं मृत्युपत्र डोक्यातून जात नाही.

आबा

&nbsp;

कोल्हापूर, १५ सप्टेंबर २०२४

आबा,

काम काय आहे ते मला कळलं. परवा पृथ्वीराज गाडी घेऊन आला होता. म्हणाला, ‘आबांचा आवाज गेलाय, तवा अध्यक्षांचं मनोगत तू वाच. प्राध्यापक लेक, नऊवारी नेस, नथ घाल, फोटो झकास येतील.’ मनोगत त्यानं आधीच छापून आणलं होतं. त्यात ‘संस्थेची धुरा सुपुत्राच्या समर्थ खांद्यांवर’ असं एक वाक्य आहे.

मी नाही येणार. मला वाटलं होतं तुम्ही राजांबद्दल विचारताय ते मनाला काहीतरी लागलंय म्हणून. आणि शेवटी तुम्हाला हवा होता तो फक्त एक आवाज, तुमच्या ‘मंजूर’साठी उसना. माझ्या गळ्यातून ते निघणार नाही. कृष्णातकाका मागे कागद घेऊन उभे असताना मी स्टेजवर नथ घालून बसू शकत नाही.

रागावलात तरी चालेल. मीही रागावलेय.

संयू

&nbsp;

कोल्हापूर, २४ सप्टेंबर २०२४

आबा,

कालपासून गावाच्या ग्रुपवर सभेचा व्हिडिओ फिरतोय. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. कृष्णातकाका पहिल्यांदाच स्टेजवर आलेले दिसतात. माईक त्यांच्या हातात आहे. ते कागद उघडतात. आणि तुम्ही हात वर करता. मग दुसराही हात वर करता. पोरं स्टेजवर चढतात, आणि पुढे काकांचा सदरा तेवढा दिसतो, खाली जाताना.

खुब्याचं हाड मोडलंय. इथे कोल्हापुरातच दवाखान्यात आहेत. मी काल गेले होते. झुंबरकाकूंनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, ‘तुझ्या बापानं घरला यून ह्येंच्या खांद्याव हात ठिवला. म्हणाला वाच. आनि वाचाय हुबं केलं ते मारायला.’

याला काय म्हणू? मागे उभं राहू दिलं असतं तर निदान पाय तरी शाबूत राहिले असते. वर बोलावून हे करायची काय गरज होती? लुईसुद्धा इतका खाली उतरला नव्हता. मला तुमची लेक म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लाज वाटली.

याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

संयोगिता

&nbsp;

कागल पोस्ट, ३० सप्टेंबर २०२४

संयू,

हे पत्र टेम्पोनं पाठवलेलं नाही. कागलला एसटीनं येऊन पोस्टात टाकतोय. आधीच पोस्टात टाकायला हवं होतं, पण ते सुचलं नाही. तीस वर्षं माझे कागद दुसऱ्यानंच पोचवले.

मनोगत वाचायची कल्पना पृथ्वीराजची होती, माझी नव्हती. माझं काम वेगळं होतं. मी एक ठराव लिहिला होता. अध्यक्ष सलग दोन वेळांपेक्षा जास्त नको. सभेत प्रत्येक विषय वाचून दाखवायचा आणि हात मोजायचे. विरोधात बोलला म्हणून कुणाच्या दुधाची फॅट कमी दाखवायची नाही. हे मान्य करून मगच पृथ्वीराजनं खुर्चीवर बसायचं. आधी वाचन, मग मुकुट, तू लिहिलंस तसं. मेल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून जिवंतपणी.

गुंडूकडे दिला असता तर तो तासात पृथ्वीराजकडे गेला असता. आणि खरं तर तो वाचायचा मान कृष्णातचा होता. मी त्याच्या घरी गेलो. किती वर्षांनी त्याचा उंबरा ओलांडला, मला आठवत नाही. पाटीवर सगळं लिहून दाखवलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. जुन्या हाकेनं मला म्हणाला, ‘गण्या, औंदा तरी माईक चालू ठिवणार न्हवं?’ मी मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झुंबरनं चहा दिला. गूळ घातलेला, पूर्वीसारखा.

बेत असा होता. गुंडूचे विषय संपले की आयत्या वेळच्या विषयात कृष्णात उठून वर येईल आणि वाचेल, आणि तू माझ्याशेजारून माईकवर सांगशील की आबांचा याला पाठिंबा आहे. तुझा आवाज मला त्या एका वाक्यासाठी हवा होता. तू नाही म्हणालीस. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, मी स्टेजवर आहे, माझ्यासमोर कोण काय करणार.

कृष्णात वर येऊन माईक घेऊन उभा राहिला तशी पोरं ‘खाली बसा’ करायला लागली. मी त्यांना गप्प बसवायला हात वर केला. थांबा, असं मला म्हणायचं होतं. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, ‘आबांनी हात केला रं, व्हा सुरू.’ मग मी दोन्ही हात वर केले. ते आणखी चेकाळले. पाटीवर ‘थांबा’ लिहून उंच धरली, तर फोटोवाल्याला वाटलं मी फोटोसाठी धरलीय, त्यानं फ्लॅश मारला. कुणीतरी माईकची वायर ओढली. कृष्णात कागद सोडेना. दोघांनी त्याला कडेला रेटलं.

मी ओरडलो. संयू, मी गळा फाटेस्तोवर ओरडलो आणि त्या भोकातून नुसती शिट्टी वाजली. ते यंत्र घरी कपाटात होतं. लोकांसमोर डब्यासारखा आवाज नको म्हणून नेलं नव्हतं. त्या डब्यातून एक शब्द निघाला असता तरी पोरं थांबली असती.

पृथ्वीराजनं दुसरा माईक घेतला आणि सांगितलं की सर्व विषय एकमतानं मंजूर, आणि नवीन अध्यक्ष बिनविरोध. मग राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले. कृष्णात तेवढा स्टेजखाली पडलेला होता. त्याच्याकडे जायला मी दोन पावलं टाकली, तर पृथ्वीराजनं माझा हात धरून मला सरळ उभं केलं. त्याला वाटलं माझा तोल जातोय.

ज्यांनी रेटलं ती पोरं वाईट नाहीत. मी त्यांना आणि त्यांच्या बापांना एकच खूण शिकवली. थांबा अशी खूण आमच्या सभेत कधी नव्हतीच.

मी दवाखान्यात गेलो होतो. झुंबर म्हणाली, ‘आबा, झालं तेवढं बास झालं. आता घरला जावा.’ कृष्णातनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. पाटी बघायलाही तयार नाही. गावानं मला वाईट म्हटलं तर ते मला चालतं, मी ते कमावलंय. पण कृष्णातला वाटतंय की मी त्याच्या घरचा चहा पिऊन त्याला फसवलं. ते मनात घेऊन तो गेला तर मला सोसणार नाही. तू त्याच्याकडे जा. हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्याशिवाय मला आवाज नाही.

आबा

&nbsp;

कोल्हापूर, ६ ऑक्टोबर २०२४

आबा,

काल गेले होते.

खोटं लिहायचा मोह झाला, पण आपल्या घरात तेच फार झालंय, म्हणून झालं तसं लिहिते. झुंबरकाकूंना तुमचं पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी आत सोडलं. त्या पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेल्या. काकांच्या पायाला वजन बांधलंय. हाडावरच्या ऑपरेशनला छाती साथ देईल का, याची डॉक्टरांना शंका आहे. ते भिंतीकडे तोंड करून होते. मी खुर्ची ओढून बसले, पाकिटातून कागद काढला. कागदाचा आवाज त्यांनी ओळखला असावा. मान न वळवता म्हणाले,

‘वाचलं असं समज, पोरी. मंजूर.’

पण मी उठले नाही. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं मोठ्यानं वाचलं, टेम्पो, पाटी, गुळाचा चहा, फोटोवाला, यंत्र, काही गाळलं नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस टीव्ही बंद करून ऐकत होता. यंत्राशी आले तेव्हा माझा आवाज फुटला, म्हणून ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. काकांची पाठ हलली नाही. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मी सांगू शकत नाही.

मी पिशवी उचलली तेव्हा ते बोलले. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

‘ह्ये सभेत वाचायचं हुतं.’

हे ते तुम्हाला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही. माझी खुर्ची त्या दिवशी तुमच्याशेजारी रिकामी होती.

संयू